जेजुरीचे देणे

एकनाथांचे एक भारूड मी गेली अठरा वर्षे कॉलेजात शिकवीत आलो आहे. एक बाई भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. तिची मागणी एवढीच, की सासू, सासरा, जाऊ, नणंद अशी घरातली सारी माणसे एकेक करून वाटेतून दूर व्हावीत आणि आपल्याला मोकळे राहू द्यावे. वर्गात इथे हमखास हशा पिकतो. तो ओसरला की मी चष्मा पुसतो आणि मोठ्या डौलाने सांगतो, की नवस म्हणजे देवाशी मांडलेला व्यापार. संतांना तो मान्य नव्हता. पोरे वहीत लिहून घेतात, कारण परीक्षेत त्यावर टीप येते.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात हा तास घेऊन मी घरी आलो, तो धाकटी तापाने फणफणलेली. डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला, पण डॉक्टर म्हणाले, "आता खरे दोन दिवस जपायचे. ताप उतरल्यावर प्लेटलेट्सचा आकडा खाली जातो. मग आपोआप वर येतो. पोटात दुखलं, उलटीतून किंवा कुठून रक्त दिसलं, तर तेवढं ताबडतोब सांगा." माणूस शांत होता, त्याने हिशेब समजावून दिला, आणि मीही मान डोलावली. विद्यार्थी माझ्यापुढे डोलावतात तशीच.

सकाळी आकडा आला साठ हजार. जिन्यात उभा राहून मी कुलदैवत खंडोबाला नारळ बोललो. अगदी सहज, खिशातला रुमाल काढावा तसा. संध्याकाळी आकडा अडतीस हजार. नारळावर तळी आणि घरी जागरण-गोंधळ अशी भर पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे बावीस हजार. त्या वेळी त्या जिन्यात माझ्याखेरीज कोणी नव्हते. पायरीवर बसून मी, एम.ए., संतसाहित्याचा अध्यापक, खंडोबाला म्हणालो, की पोरीच्या भारंभार भंडारा तुझ्या गडावर उधळीन, पण हिला दे. आकडा उतरे तसा माझा भाव चढे. शेअर बाजारात याच्या उलट चालते म्हणतात.

त्या दिवशी संध्याकाळी आकडा थांबला, आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितले होते त्याप्रमाणे आपोआप वर येऊ लागला.

वाचकांपैकी ज्यांनी कधी नवस बोलला असेल त्यांना पुढचे सांगायला नको. पोर शाळेत जाऊ लागली, आणि मी खंडोबाशी केलेल्या कराराची कलमे बारकाईने वाचू लागलो. भंडारा उधळीन म्हणालो होतो. कोणत्या साली ते म्हणालो नव्हतो. शिवाय आकडा आपोआपच वर आला होता, हे डॉक्टरांच्याच तोंडचे. शिवाय परीक्षा, पेपर तपासणी, विद्यापीठाचे चर्चासत्र. अशी दोन वर्षे गेली. शेवटी गेल्या माघात एका रात्री जेवताना मी आईपाशी सहज बोलून गेलो. ती पान वाढता वाढता थांबली.

"वजन किती होतं तेव्हा तिचं?"

"एकोणीस किलो."

"आणि आता?"

आता चोवीस होते. आई म्हणाली, "व्याज चढलं." आणि आमटी वाढली.

आई स्वतः माळकरी. आळंदीच्या पालखीबरोबर पुण्याहून निघून जमेल तेवढी चालते. गुडघे चांगले होते तेव्हा पंढरपूरपर्यंत गेलेली आहे. तिने नवस बोललेला मी कधी ऐकला नाही. तेव्हा ती माझी टर उडवील असे वाटले होते. तिने उलट तारीख ठरवली. ही म्हणाली, शनिवारी चला; आई म्हणाली, गर्दी नको, बुधवारी चला. मी रजेचा अर्ज लिहिला आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे घातले.

पुण्यापासून जेजुरी पन्नास किलोमीटरच्या आसपास. मिरजेकडची रेल्वेही तिथे थांबते. पण आम्ही एस.टी.ने गेलो, कारण आईला दिवेघाट बघायचा होता. हडपसर मागे पडले, आणि घाट चढू लागताच खाली वडकीच्या अंगाला मस्तानी तलाव दिसला. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "इथं पहिली फुगडी घालतात," "इथं पाण्याचा टँकर असतो," "इथं माझी चप्पल तुटली होती," असा तिचा घाट आणि माझा घाट निराळा. मला वळणे दिसत होती. तिला माणसे दिसत होती. सासवडला सोपानकाकांची समाधी. माउलींची पालखी तिथे मुक्काम करून पुढे जेजुरीला येते. अंजिरांच्या पाट्या घेऊन बायका एस.टी.शी आल्या, धाकटीने एक डझन संपवला.

जेजुरीबद्दल मला एक गोष्ट नेहमी गमतीची वाटते. विठ्ठलाचे वारकरी देवाकडे काही मागत नाहीत असे आपण मानतो. खंडोबा तर रोकड्या व्यवहाराचा देव. लग्न जमेना, पोर होईना, गुरे दगावली, की धनगर, मराठे, कोळी, रामोशी, ब्राह्मण सारे त्याच्याकडे धावतात. दोन बायका, म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, हे प्रपंचाचे सगळे खटले त्याच्याही मागे आहे. त्यामुळे आपली अडचण त्याला सांगावी लागत नाही. आणि ज्ञानेश्वरांची पालखी मात्र दर वर्षी मुक्कामाला येते ती याच्याच गावात. गावकरी पालखीवर भंडारा उधळतात, वारकऱ्यांची पांढरी धोतरे पिवळी होतात, 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणणारे गळे त्या दिवशी 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणतात. कोणी कोणाशी वाद घालीत नाही. वाद आमच्या वर्गातच होतो.

स्टँडपासून गडाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही बाजूंना भंडाऱ्याची दुकाने. पिवळ्या राशी, खोबऱ्याच्या वाट्यांच्या माळा, पितळी टाक. एका दुकानदाराला मी चोवीस किलो म्हटले. त्याने वर पाहिले आणि विचारले, "खायचा का उधळायचा?"

मला प्रश्नच कळेना. मग त्याने समजावले. एक भंडारा म्हणजे दळलेली हळद. ती कपाळी लावा, जिभेवर टाका, घरी न्या. दुसरा नुसता रंगाला पिवळा, पुष्कळ स्वस्त, तो उधळण्यापुरता. "उधळायला बहुतेक लोक हाच नेतात," तो म्हणाला, "वाऱ्यावर दोन्ही सारखेच दिसतात."

खरे सांगतो, माझ्या मनात आले, की जिन्यात मी 'भंडारा' म्हणालो होतो. प्रत सांगितली नव्हती. करारात पळवाट होती. मी स्वस्ताच्या पोत्याकडे बोट करणार, तेवढ्यात आईने हळदीच्या राशीत बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाली, "ही द्या." मी निदान दरात काही सूट मिळते का म्हणून विचारले. दुकानदार हसला. "साहेब, देवाचं आहे. घासाघीस करू नका."

तागडीच्या एका पारड्यात पोरीला बसवायचे की काय असे मला वाटले होते. पण त्याने वजनाच्या काट्यावर सरळ चोवीस किलो मोजले आणि दोन पिशव्या बांधून दिल्या. एक मी घेतली, एक गावातल्या एका पोराने डोक्यावर घेतली. मी कॉलेजात खडूपेक्षा जड काही उचलीत नाही. पहिल्या कमानीपाशीच माझा खांदा बोलू लागला.

गडाला नऊ लाख पायऱ्या म्हणतात. धाकटीने मोजायला सुरुवात केली, एकशेतीसला एका माकडाने तिचे लक्ष वेधले आणि हिशेब राहिला. पायऱ्या काळ्या दगडाच्या, पण काळ्या दिसत नाहीत. शतकानुशतकांची हळद सांध्यासांध्यांत बसली आहे. पावसाळ्यातदेखील ती धुऊन निघत नाही असे बरोबरचा पोरगा सांगत होता. दोन्ही अंगांना दीपमाळा. कोणाचा ना कोणाचा नवस फिटला म्हणून यांतली बरीचशी उभी राहिली आहेत. आपल्याकडच्या देवळांचा अर्धा दगड भक्तीने रचला, तर अर्धा भीतीने. होळकरांसारख्या घराण्यांनी इथे जी मोठी कामे केली त्यांत कशाचा वाटा किती, हे दगडावरून ओळखता येत नाही. नवपरिणीत नवरे बायकांना उचलून निदान पाच पायऱ्या चढण्याची रीत आहे. आमच्या पुढे एक जोडपे होते. नवरा किरकोळ, नवरी सशक्त. तिसऱ्या पायरीवर तो थांबला तेव्हा तिनेच त्याच्या गळ्यातले हात काढले आणि खाली उतरून म्हणाली, "झाल्या पाच." या देवापुढे सारेच थोडीबहुत तडजोड करतात, हे पाहून मला धीर आला.

सौदा तर राक्षसांनीही केला आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांना खंडोबाने मारले. त्यातल्या मणीने मरताना आपला घोडा देवाला दिला आणि बदल्यात देवाच्या प्रत्येक ठाण्यात जागा आणि बकऱ्याचा नैवेद्य मागून घेतला, अशी कथा आहे. मला ही कथा आवडते. मरणाच्या दारातही त्या गृहस्थाचे व्यवहारज्ञान शाबूत होते.

बाणाईच्या देवळाच्या वर एका दीपमाळेच्या सावलीत आम्ही दम घ्यायला बसलो. शेजारी एक म्हातारी बसली होती. कपाळ भंडाऱ्याने भरलेले, गळ्यात कवड्यांची माळ, हातात पितळी घाटी. तिने पिशव्यांकडे पाहिले, मग धाकटीकडे पाहिले आणि मला विचारले, "काय बोलला व्हता?"

मी सांगितले. जिना, आकडे वगैरे गाळून.

"पोरगी आजारी व्हती?"

"हो."

"माजा भाऊ आजारी व्हता," ती म्हणाली. "आई हितं आली. म्हनली, पोरगा वाचीव, पोरगी तुला देते. मी पाळन्यात व्हते."

मुरळी! हा शब्द मी पुस्तकांत शेकडो वेळा वाचला आहे. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिले, पोटतिडकीने सभा घेतल्या. १९३४ साली मुंबई इलाख्यात मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला. २००५चा महाराष्ट्राचा कायदा त्याहून कडक. हे सारे मी वर्गात सांगतो, सालांसकट. देवाशी लग्न लागलेल्या त्या मुलींचे पुढे काय होई, कोणाकोणाच्या दारी त्यांना नाचावे लागे, हे सांगताना मात्र मी आवाज खाली आणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. कायदा होऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर पाळण्यात असलेली एक मुलगी म्हातारी होऊन माझ्या शेजारी बसेल आणि घाटी बाजूला ठेवून तंबाखू मळील, ही कल्पना मी कधी केली नव्हती.

मला दुसरे काही सुचेना. मी विचारले, "मग भाऊ वाचला?"

"कुटला! आई घरी पोचायच्या आदीच गेला."

"मग तुम्हांला कशाला...?"

"बोललेलं फिरवतात व्हय? घरात आनखी दोन पोरं व्हती. त्यांच्यावर कोप झाला असता म्हंजी?" तिने हे असे सांगितले, की जणू दुसऱ्याच कोणाच्या घरातली गोष्ट. तिच्या आईबद्दल तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

मग तिने पुन्हा पिशवीकडे पाहिले. "बरं केलंत, मास्तर," ती म्हणाली. "हळदच बोललात."

मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखले कोण जाणे. मी तिच्या हातावर एक नोट ठेवली. तिने ती कनवटीला लावली, चिमूटभर भंडारा माझ्याच पिशवीतून घेऊन धाकटीच्या कपाळाला फासला आणि घाटी उचलून वरच्या पायरीवर आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. 'गिऱ्हाईक' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. तिच्या जन्माची खरेदी-विक्री झाली तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. आता ती विचारून घेते, यात मला गैर दिसत नाही.

उरलेल्या पायऱ्या मी कशा चढलो हे आठवत नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. बावीस हजारांच्या पहाटे मी हळद बोललो, ते आमच्या घरात हळदच बोलण्याची रीत होती म्हणून. आकडा आणखी उतरला असता तर? पंधरा, दहा? मी कुठपर्यंत चढलो असतो? माझ्या थोरलीचे नाव त्या जिन्यात माझ्या तोंडी आले असते का? नाही, असे मी आज ठामपणे म्हणतो. त्या जिन्यात मी बऱ्याच गोष्टी ठामपणे म्हणण्याच्या स्थितीत नव्हतो.

वरच्या चौकात ते सुप्रसिद्ध पितळी कासव आहे. त्याच्या पाठीवर आम्ही तळी भरली. ताम्हनात भंडारा, खोबरे, सुपारी, पान. पाच जण लागतात, म्हणून शेजारच्या दोन अनोळखी धनगरांनी आपण होऊन हात लावला. 'सदानंदाचा येळकोट' म्हणत ताम्हन तीनदा वर गेले. त्यातला एक धनगर माझ्याकडे पाहून म्हणाला, "जोरात म्हणा की!" मी म्हटले. गळा बसला होता, पण म्हटले.

मग पिशव्या सोडल्या. चोवीस किलो हळद उधळायला किती वेळ लागतो, याची तुम्हांला कल्पना नसेल. पहिल्या चार मुठी भक्तीने जातात, पुढच्या दहा उत्साहाने, आणि मग ते काम होऊन बसते. वारा खालून वर येत होता; निम्मी हळद आमच्याच अंगावर परत येई. ही शिंकत होती, थोरली फोटो काढत होती, धाकटी दोन्ही हातांनी ओंजळी भरून आकाशात भिरकावीत होती. तिच्या वेण्या, भुवया, दात सारे पिवळे. एकाएकी ती थांबली.

"बाबा, मी बरी झाले नसते तर आपण आलो असतो का?"

मी पिशवीत हात घालून उभा राहिलो. आई म्हणाली, "पायाखाली बघ गं, घसरशील," आणि तिचा हात धरून तिला कठड्यापासून आत घेतले.

खाली कऱ्हेचे खोरे दिसत होते, सोमवती अमावास्येला देव जिच्यावर स्नानाला जातो ती नदी. मागे आणखी उंच कडेपठार. देवाचे जुने ठाणे तिथे. आईला तिकडेही जायचे होते, पण गुडघे तयार नव्हते. ती कठड्याला टेकून बसली. मी शेजारी बसलो आणि दोन वर्षे मनात असलेला प्रश्न विचारला.

"आई, त्या रात्री तू झोपलीस कशी?"

कारण ती झोपली होती. हरिपाठ म्हणून, धाकटीच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून, घोरत. मी जिन्यातून वर येऊन ते पाहिले होते आणि मला तिचा संताप आला होता.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "वर येईल म्हणून."

"आणि नसता आला तर?"

"तर मी जागी राहून काय करणार होते? झोप झाली म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हां दोघांना डबा तरी मिळाला."

मी गीतेचा नववा अध्याय शिकवतो. भक्ताचा योगक्षेम मी चालवतो, असा देवाने तिथे शब्द दिला आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर काय काय लिहिले आहे ते मला पाठ आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या आयुर्विमा महामंडळानेही तोच शब्द बोधवाक्य म्हणून घेतला. त्यांचे हप्ते मी आजवर एकदाही चुकवलेले नाहीत, कारण त्यांनी पावती दिली आहे. आईकडे कसलीच पावती नव्हती. "मग नवस फेडायला आलीस कशाला?" मी विचारले. "तू विठ्ठलाला तर कधी काही बोलत नाहीस."

"मी बोलले नाही. तू बोललास ना? देणं ते देणं." ती उठली, पदर झटकला; पिवळा ढग उडाला. "आणि मला दिवेघाट बघायचा होता. या आषाढात जमेल न जमेल."

उतरताना ती म्हातारी दीपमाळेपाशी नव्हती. खालच्या कमानीपाशी कोणाच्या तरी जागरणाची बोलणी चालली होती. तुणतुणे लागत होते, आणि रकमेवरून घासाघीस ऐकू येत होती.

हळदीचे डाग घामाने पक्के होतात. हिने कपडे तीनदा धुतले. माझा सदरा अजून पिवळट आहे. नखांतला रंग तर आठवडाभर गेला नाही. पुढच्या सोमवारी पहिल्या वर्षाच्या वर्गात नेमके तेच भारूड होते. नेहमीच्या जागी नेहमीचा हशा पिकला. मी चष्मा पुसायला हात वर केला, तो पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्या बोटांकडे पाहत म्हणाली,

"सर, जेजुरीला गेला होतात?"

"हो," मी म्हटले. मग टीप सांगायची राहू दिली आणि त्या बाईची मागणी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचून दाखवली.